क्लिनिकल ट्रायलमध्ये अप्रेंटिसशिप: ठाणे आणि नवी मुंबईतल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीवायचे निकाल लागले की माझा फोन वाजायला लागतो. कुणाची भाची बायोटेक झालेली असते, कुणाचा मुलगा बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला असतो. 'क्लिनिकल रिसर्चमध्ये स्कोप आहे' एवढं सगळ्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं, पण आत शिरायचं कुठून हे सांगितलेलं नसतं. मी ठाण्यात राहते. बरीच वर्षं हॉस्पिटलांमध्ये चाचण्यांचं काम केलं, आणि आता आमच्याकडे येणाऱ्या शिकाऊ मुलामुलींना तयार करायचं कामही माझ्याकडे आहे. फोनवर घाईत बोलताना नेमकं महत्त्वाचं राहून जातं, म्हणून नेहमीचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे लिहून ठेवते आहे.

क्लिनिकल ट्रायलमध्ये काम करायचं म्हणजे लॅबमध्ये काम करायचं ना?

नाही. पांढरा कोट घालून टेस्ट ट्यूब हलवणारा माणूस डोळ्यांसमोर आणून या क्षेत्रात याल, तर पहिल्याच आठवड्यात हिरमोड होईल. नवं औषध माणसाला देऊन ते सुरक्षित आहे का आणि उपयोगी पडतं का, हे ठरलेल्या पद्धतीने तपासणं म्हणजे क्लिनिकल ट्रायल. ही पद्धत ज्या दस्तऐवजात लिहिलेली असते तो प्रोटोकॉल. चाचणी करवून घेणारी कंपनी म्हणजे स्पॉन्सर, हॉस्पिटल म्हणजे साइट, आणि तिथे सगळ्याला जबाबदार असलेले डॉक्टर म्हणजे प्रिन्सिपल इन्व्हेस्टिगेटर, बोलताना नुसतं 'पीआय'. स्पॉन्सरच्या वतीने कामं सांभाळणाऱ्या कंपनीला सीआरओ म्हणतात.

डॉक्टर सोडले तर या साखळीत बाकीची बरीच माणसं विज्ञान शाखेचीच असतात. साइटवर पेशंटच्या भेटी, कागदपत्रं आणि औषधांचा हिशेब बघणारा तो सीआरसी, म्हणजे कोऑर्डिनेटर. स्पॉन्सरकडून साइटवर येऊन नोंदी तपासणारा सीआरए, त्याला सगळे मॉनिटर म्हणतात. ऑफिसात डेटा मॅनेजमेंट, फार्माकोव्हिजिलन्स म्हणजे औषधांच्या दुष्परिणामांची नोंद आणि छाननी, मेडिकल रायटिंग, रेग्युलेटरी, स्टॅटिस्टिक्स. या सगळ्या कामांचा पाया एकच: जे घडलं ते घडलं तसंच, त्याच वेळी, कुणी केलं हे कळेल अशा रीतीने लिहून ठेवणं.

'डिग्री अप्रेंटिसशिप' हा शब्द इंग्लंडच्या बातम्यांत वाचला. तो प्रकार नेमका काय आहे? इथून अर्ज करता येतो का?

इंग्लंडमध्ये २०१५ पासून हा मार्ग सुरू झाला. मुलगा किंवा मुलगी थेट कंपनीत नोकरीला लागते, पगार घेते आणि त्याच नोकरीचा भाग म्हणून विद्यापीठाची पदवी पूर्ण करते. फी तिच्या खिशातून जात नाही. ज्या कंपनीचा वर्षाचा पगारखर्च ३० लाख पौंडांच्या वर आहे, तिला त्यावरच्या रकमेच्या ०.५ टक्के लेव्ही भरावी लागते. एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या या लेव्हीतून शिकवण्याचा खर्च निघतो. क्लिनिकल ट्रायलसाठी तिथे 'क्लिनिकल ट्रायल्स स्पेशालिस्ट' असा पदवीच्या पातळीचा, म्हणजे लेव्हल ६ चा, स्वतंत्र अभ्यासक्रम-मानक आहे. पदवी हातात येते तेव्हा खऱ्या चाचण्यांवर काम केल्याचा अनुभवही सोबत असतो.

ठाण्यात बसून त्यासाठी अर्ज करता येत नाही. ती सोय तिथल्या रहिवाशांसाठी आहे, स्टुडंट व्हिसावर गेलेल्यांनाही ती मिळत नाही. कुणी एजंट 'युकेची अप्रेंटिसशिप लावून देतो' म्हणाला तर तिथूनच उठा.

मग आपल्याकडे तसं काही आहे का?

आहे, फक्त त्याचं नाव फारसं कुणाच्या कानावर गेलेलं नाही. आपल्याकडे शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ पासून आहे. सुरुवातीला तो आयटीआयच्या फिटर-टर्नर मुलांपुरता होता, १९७३ च्या दुरुस्तीने इंजिनियर आले, आणि २०१४ च्या दुरुस्तीनंतर बी.एस्सी., बी.कॉम., बी.ए. अशा इतर पदवीधरांसाठीही दार उघडलं. आयटीआय म्हणजे शिकाऊ उमेदवार, कॉलेज म्हणजे नोकरी, ही वाटणी अजून घराघरात पक्की बसलेली आहे. म्हणून बी.एस्सी. झालेल्या मुलीला मी 'अप्रेंटिसशिप बघ' म्हटलं की आईचा चेहरा उतरतो.

दोन वाटा आहेत. पहिली, पदवी झाल्यावर: शिक्षण मंत्रालयाच्या नॅट्स पोर्टलवर नाव नोंदवायचं आणि एखाद्या आस्थापनेत ठरलेल्या मुदतीची, बहुतेक वेळा एक वर्षाची, अप्रेंटिसशिप करायची. शेवटी सरकारी प्रमाणपत्र मिळतं. पश्चिम विभागाचं काम बघणारं बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग आपल्या जवळच, शीवला आहे.

दुसरी वाट इंग्लंडच्या पद्धतीच्या जास्त जवळची आहे: पदवीतच अप्रेंटिसशिप. युजीसीने याबद्दल २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२५ मध्ये सुधारून पुन्हा काढल्या. तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सत्रं आणि चार वर्षांच्या पदवीत दोन ते चार सत्रं कंपनीत काम करून शिकायचं. त्याचे क्रेडिट पदवीत धरले जातात आणि त्या काळात स्टायपेंडही मिळतं. यासाठी कॉलेजने आधी कंपनीशी करार केलेला असावा लागतो, विद्यार्थ्याने एकट्याने ठरवून ते होत नाही. बारावीनंतर प्रवेश घेताना प्रॉस्पेक्टसमध्ये 'अप्रेंटिसशिप एम्बेडेड डिग्री' हे शब्द शोधा. नसतील तर ऑफिसात जाऊन विचारा. दहा पालकांनी विचारलं की प्राचार्यांच्या टेबलावर तो विषय येतो.

कॉलेजचं ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग), इंटर्नशिप आणि अप्रेंटिसशिप हे एकच का?

तिन्ही वेगळी आहेत आणि या गोंधळात मुलांचं नुकसान होतं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या अभ्यासक्रमांत आलेलं ओजेटी ४ क्रेडिटचं असतं, म्हणजे काही आठवड्यांची तोंडओळख. इंटर्नशिपला कायद्याची चौकट नाही, पैसे द्यायचे की नाही हे कंपनी ठरवते. २०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना ही राज्य सरकारची वेगळी योजना, तिचं विद्यावेतन आणि नियम वेगळे. अप्रेंटिसशिपचा करार मात्र १९६१ च्या कायद्याखाली होतो, सरकारी पोर्टलवर नोंदला जातो आणि त्याला किमान स्टायपेंड असतं. पोर्टलवरचा करार क्रमांक नसेल तर ती अप्रेंटिसशिप नव्हे, मग ऑफर लेटरवर काहीही छापलेलं असो.

स्टायपेंड किती मिळतं?

२०१९ च्या नियमांत पदवीधर शिकाऊ आणि पदवीत शिकणारे शिकाऊ यांच्यासाठी महिना किमान ९,००० रुपये ठरले. मे २०२५ मध्ये केंद्रीय अप्रेंटिसशिप परिषदेने शिक्षणानुसार ठरलेला ५,००० ते ९,००० हा पट्टा ६,८०० ते १२,३०० पर्यंत वाढवण्याची शिफारस केली. करार करताना पोर्टलवर लागू असलेला आकडा पाहून घ्या. कंपनी त्याहून जास्त देऊ शकते, कमी देऊ शकत नाही. नॅट्समध्ये किमान स्टायपेंडचा अर्धा वाटा केंद्र सरकार उचलतं. कौशल्य विकास मंत्रालयाच्या नॅप्स योजनेत हा वाटा २५ टक्के, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये आहे.

एवढ्यात घर चालत नाही, हे मला माहीत आहे. बदलापूर किंवा टिटवाळ्याहून महापेला रोज येणाऱ्या मुलाचा पास, रिक्षा आणि डबा धरला तर हातात फार उरत नाही. तरीही आकडा बघताना पुढचा प्रश्न शेजारी ठेवून बघा.

डिप्लोमाची जाहिरात आहे, 'शंभर टक्के प्लेसमेंट'. आधी तो करू का?

माझंच सांगते. मी पदवीनंतर असाच एक डिप्लोमा केला होता. फीसाठी आईच्या दोन बांगड्या गहाण पडल्या. स्टेशनजवळच्या दोन खोल्यांत आठवड्यातून दोनदा वर्ग भरायचा. स्लाइडवर व्याख्या यायच्या, त्या आम्ही वहीत उतरवायचो आणि परीक्षेत त्याच परत लिहायचो. खरा प्रोटोकॉल, पेशंटचं खरं माहितीपत्रक, औषधाचा फ्रिज यांतलं काहीच आम्ही पाहिलं नाही. 'प्लेसमेंट' म्हणून एका ऑफिसचा पत्ता मिळाला, तिथे गेल्यावर जागाच नाही असं कळलं. पुढे एका हॉस्पिटलमध्ये एका ज्येष्ठ कोऑर्डिनेटर ताईंच्या हाताखाली अगदी थोड्या पगारावर लागले. डेलिगेशन लॉग म्हणजे साइटवर कुठलं काम कोणी करायचं याची पीआयच्या सहीची यादी. पहिल्या दिवशी ताईंनी तो माझ्यासमोर ठेवून विचारलं, 'यात तुझं नाव आहे का?' नव्हतं. 'मग त्या कागदाला हात लावायचा नाही.' सबंध डिप्लोमात हे वाक्य मी एकदाही ऐकलं नव्हतं.

सगळे अभ्यासक्रम वाईट असतात असं मी म्हणत नाही. विद्यापीठाशी संलग्न, हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष काम देणारे काही चांगलेही आहेत. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. हे काम बसून ऐकण्यापेक्षा हाताने करून कळतं, आणि हाताने शिकत असताना शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याला पैसे द्यायचे अशी तरतूद आपल्या कायद्यात आहे. ती वाट आधी तपासा. ती खरंच बंद असेल तरच फी भरायचा विचार करा. आणि फी भरण्याआधी मागच्या दोन बॅचमधल्या चार मुलांशी स्वतः बोला. संस्थेने नंबर दिलेल्या मुलांशी नव्हे, तुम्ही शोधून काढलेल्या.

कुठल्या पदवीला घेतात?

बी.फार्म., बी.एस्सी. मायक्रो, बायोटेक, लाइफ सायन्स, केमिस्ट्री, नर्सिंग, बीएएमएस, बीएचएमएस या सगळ्यांतून मुलं येतात. स्टॅटिस्टिक्स आणि आयटीच्या मुलांना डेटाच्या बाजूला चांगली मागणी असते. नर्सिंगची मुलं साइटवर फार लवकर तयार होतात, कारण पेशंटशी बोलताना ती बिचकत नाहीत.

ठाणे-नवी मुंबईत जागा शोधायची कुठे?

हा पट्टा या कामासाठी चांगला आहे. खारघरला टाटा मेमोरियल सेंटरचं ॲक्ट्रेक आहे, कॅन्सरच्या संशोधनातलं देशातलं मोठं नाव. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या पहिल्या भारतीय कार-टी उपचाराला (पेशंटच्याच पेशी बदलून कॅन्सरवर केलेला उपचार) ऑक्टोबर २०२३ मध्ये सरकारची परवानगी मिळाली. त्यामागच्या चाचण्यांतही कुणीतरी पेशंटच्या भेटी लावल्या, नमुने पोचवले, नोंदी जुळवल्या. दिघ्यापासून तुर्भ्यापर्यंत पसरलेल्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात, रबाळे-महापेकडे, औषध कंपन्या, लॅब आणि बायोइक्विव्हॅलन्स अभ्यासाची केंद्रं आहेत. ऐरोलीच्या आयटी पार्कांत आणि ठाण्यात घोडबंदर रोडला डेटा आणि ड्रग सेफ्टीची ऑफिसं. शिवाय दोन्ही शहरांतली मोठी हॉस्पिटलं आणि मेडिकल कॉलेजं.

आता एक युक्ती, जी मी प्रत्येकाला सांगते. आयसीएमआरची क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री, म्हणजे सीटीआरआय, २००७ पासून सुरू आहे. आपल्या देशात होणारी प्रत्येक औषध-चाचणी तिथे नोंदवणं जून २००९ पासून सक्तीचं आहे. ही वेबसाइट सगळ्यांना खुली आहे. प्रत्येक नोंदीत साइटचं नाव, शहर आणि पीआयचं नाव असतं. दोन संध्याकाळी बसून ठाणे आणि नवी मुंबईच्या साइट्स शोधा, कुठल्या विभागात कुठला अभ्यास चालू आहे ते वहीत लिहा, आणि मग त्या हॉस्पिटलच्या रिसर्च विभागात जा. 'काहीही काम चालेल' म्हणणाऱ्या मुलापेक्षा 'तुमच्याकडे मधुमेहाचा अमुक अभ्यास चालू आहे तो मी वाचला' म्हणणारी मुलगी लक्षात राहते.

कंपन्यांकडे जाताना आणखी एक गोष्ट माहीत असू द्या. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. २०० माणसांची सीआरओ असेल तर किमान ५ शिकाऊ. त्यामुळे एचआरला मेल लिहिताना 'संधी द्यावी ही विनंती' एवढ्यावर थांबू नका. 'नॅट्सखाली तुमच्याकडे यंदाच्या जागा भरल्या आहेत का?' असं सरळ, नम्रपणे विचारा.

साइटवर शिकाऊ मुलीचा दिवस कसा जातो?

सकाळी आधी औषधाच्या फ्रिजचं तापमान. २ ते ८ अंशांच्या आत आहे का, रात्री लाइट गेली होती तर आलेख वर गेला का. मग आज कुठले पेशंट येणार, कुणाची कितवी भेट, कुठल्या तपासण्या, कोण उपाशीपोटी यायला हवं. पेशंट आला की रिकामी पाकिटं आणि उरलेल्या गोळ्या मोजायच्या, डायरी बघायची, डॉक्टरांच्या तपासणीनंतर नोंदी पूर्ण आहेत का पाहायचं. दुपारनंतर संगणकावर डेटा भरायचा आणि आलेल्या क्वेरींना उत्तरं द्यायची. क्वेरी म्हणजे 'वजन मागच्या वेळेपेक्षा ९ किलोने कमी कसं?' अशी विचारणा. आठातल्या चार वेळा आकडा लिहितानाच चूक झालेली असते. बाकी चार वेळा खरोखर काहीतरी घडलेलं असतं, आणि म्हणून एकही क्वेरी उरकून टाकायची नसते.

पुस्तकात नसलेलं शिक्षण याच्या पुढे सुरू होतं. प्रोटोकॉलमध्ये लिहिलेलं असतं, 'भेट २८ व्या दिवशी, तीन दिवस मागेपुढे चालेल.' प्रोटोकॉल लिहिणाऱ्याला गणपती माहीत नसतात. आमचे निम्मे पेशंट त्या आठवड्यात कोकणात असतात, आणि रत्नागिरीच्या गाडीत बसलेल्या माणसाला फोन करून उपयोग नसतो. म्हणून जूनमध्येच कॅलेंडर घेऊन बसायचं, कुणाची भेट कधी पडते ते पाहायचं आणि पेशंटशी आधी बोलून ठेवायचं. गोळी 'जेवणानंतर' घ्यायची असेल तर श्रावणात, नवरात्रात, चतुर्थीला काय होणार? काकू उपास सोडणार नाहीत आणि गोळी टाळल्याचं सांगणारही नाहीत, कारण तुम्ही रागवाल असं त्यांना वाटतं. 'उपास करता का, आणि त्या दिवशी गोळीचं काय करता?' हे पहिल्याच भेटीत, आवाज न चढवता विचारावं लागतं. उत्तर मिळालं की ते पीआयपर्यंत न्यायचं, स्वतः सल्ला द्यायचा नाही. ही माहिती शिकाऊ मुलीच्या हाताला लागते, कारण काकू डॉक्टरांपेक्षा तिच्याशी मोकळेपणाने बोलतात.

आणि २४ तासांचा नियम. चाचणीतला पेशंट हॉस्पिटलमध्ये भरती झाला, जीवाला धोका झाला, मृत्यू झाला, तर त्याला सिरीयस ॲडव्हर्स इव्हेंट म्हणतात. ही घटना घडल्यापासून २४ तासांत पीआयने ती सरकारी औषध नियंत्रण यंत्रणेला, स्पॉन्सरला आणि एथिक्स कमिटीला, म्हणजे पेशंटचं हित आणि हक्क जपले जातात का हे बघणाऱ्या समितीला, कळवायची असते. शहापूरकडचे आमचे एक काका तापाने गावातल्या नर्सिंग होममध्ये चार दिवस भरती होते, आणि आम्हाला ते त्यांच्या पुढच्या भेटीत कळलं. इमर्जन्सी नंबरचं कार्ड आम्ही दिलं होतं. ते कुठे आहे विचारलं तर म्हणाले, 'देव्हाऱ्यात, गणपतीच्या मागे. हरवू नये म्हणून.' त्यांनी कार्ड जपलंच होतं. चूक आमची होती, ते कशासाठी आहे हे आम्ही त्यांच्या घरात कुणालाच समजावलं नव्हतं. तेव्हापासून मी शिकाऊंना सांगते: कार्ड द्या, आणि सोबत आलेल्या मुलाच्या किंवा सुनेच्या फोनमध्ये नंबर तुमच्यासमोर सेव्ह करून घ्या.

शिकाऊ उमेदवाराने काय करायचं नाही?

डेलिगेशन लॉगमध्ये नाव नाही ते काम करायचं नाही. जीसीपी म्हणजे गुड क्लिनिकल प्रॅक्टिसचं प्रशिक्षण झाल्याशिवाय त्या लॉगमध्ये नाव येत नाही. या जागतिक नियमावलीची नवी आवृत्ती, ई६ आर३, जानेवारी २०२५ मध्ये आली आहे, तीच वाचा. वैद्यकीय मत द्यायचं नाही, औषधाचा डोस सांगायचा नाही. मागच्या तारखेची सही कुणीही, कितीही मोठ्या माणसाने मागितली तरी करायची नाही. चुकीच्या आकड्यावर व्हाइटनर लावायचा नाही. एक रेघ मारून, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. जुना आकडा वाचता आला पाहिजे.

घरचे म्हणतात, 'हे गरिबांवर औषधाचे प्रयोग करण्याचं काम.' त्यांना काय सांगू?

त्यांची शंका झटकून टाकू नका, तिला कारण आहे. २००९-१० मध्ये तेलंगणातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा भागात शाळकरी मुलींना एचपीव्ही लस देणाऱ्या प्रकल्पात संमतीपत्रांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डननी सह्या केल्याचं समोर आलं. २०१० मध्ये प्रकल्प थांबला, संसदीय समितीने २०१३ मध्ये कडक शब्दांत अहवाल दिला. सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये चाचण्यांवरच्या देखरेखीबद्दल सरकारला फटकारलं. आज जे नियम आहेत ते या सगळ्यातून आलेले आहेत.

'नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम' २०१९ मध्ये आले. एथिक्स कमिटीत किमान ७ सदस्य, त्यांत निदान एक स्त्री, एक कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य माणूस. निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरचे. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत, नुकसानभरपाई वेगळी. नव्या रेणूच्या, म्हणजे आधी न वापरलेल्या औषधी द्रव्याच्या, चाचणीत भाग घेणारी व्यक्ती दुर्बल गटातली असेल तर संमतीच्या संभाषणाचं चित्रीकरण करावं लागतं. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासोबत चाचणीशी संबंध नसलेला साक्षीदार बसतो. संमतीपत्राची प्रत पेशंटला द्यावीच लागते, आणि तो कधीही, कारण न सांगता बाहेर पडू शकतो. त्यामुळे त्याचे नेहमीचे उपचार बंद होत नाहीत.

पण नियम कागदावर असतो आणि संमती तोंडाने घेतली जाते. ती घेणं पीआयचं किंवा त्यांनी नेमलेल्या डॉक्टरांचं काम आहे. शिकाऊ मुलगी शेजारी बसून ऐकत असते, आणि पेशंट 'बरं बरं, करतो सही, कुठे करू?' म्हणाला की तिने डॉक्टरांकडे बघावं एवढं तिला कळायला हवं, कारण ती संमती नव्हे, ते हॉस्पिटलचं दडपण आहे. आम्ही अशा वेळी पेशंटला म्हणतो, 'काका, घरी जाऊन तुमच्या बायकोला यातलं काय सांगाल, ते मला सांगा.' त्यांना सांगता आलं नाही तर त्या दिवशी सही नाही. घरच्यांना एवढंच सांगा की तो प्रश्न विचारणारं माणूस व्हायला तुम्ही जाताय.

माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी कच्चं आहे. जमेल का?

जमेल. लिहायचं इंग्रजी ठरावीक साच्याचं असतं, सहा महिन्यांत हातात बसतं. पेशंटशी मराठीत नीट बोलता येणं मात्र आयत्या वेळी शिकता येत नाही. माहितीपत्रकाच्या मराठी भाषांतरात 'यादृच्छिकीकरण' असा शब्द आला की आमच्या कोऑर्डिनेटरला तो 'चिठ्ठ्या टाकून गट ठरवतात तसं, फक्त चिठ्ठी संगणक उचलतो' असा फोडून सांगावा लागतो. हे आगरी-कोळी घरातल्या आजीलाही समजेल असं बोलणारी मुलं साइटला हवीच असतात.

साइट की ऑफिस? ऐरोलीतल्या डेटाच्या कामात एसी आहे, वेळ ठरलेली आहे.

दोन्ही चांगली करिअर आहेत. तरी पहिलं वर्ष मिळत असेल तर साइटवर काढा, असं माझं ठाम मत आहे. पडद्यावरचा '९८.६' हा आकडा कुठल्या खोलीत, कुणाच्या काखेत थर्मामीटर धरून आला हे ज्याने पाहिलंय, तो पुढे मॉनिटर होवो की डेटा मॅनेजर, वेगळा निर्णय घेतो. साइटवरून ऑफिसात जाणं सोपं आहे, उलटं जाताना मुलं कचरतात.

बायोइक्विव्हॅलन्स केंद्रात जागा मिळतेय. घ्यावी का?

घ्या, काम समजून घ्या. तिथे निरोगी स्वयंसेवकांवर औषधाच्या दोन ब्रँडची तुलना होते, ठरलेल्या मिनिटाला रक्त काढावं लागतं, म्हणून शिफ्ट असतात. वेळेची शिस्त तिथे शिकाल तशी कुठेच नाही. मुलींच्या पालकांनी रात्रपाळी आणि ट्रान्स-हार्बरच्या शेवटच्या गाडीनंतर घरी पोचवायच्या गाडीबद्दल आधीच विचारावं, त्यात संकोच नको.

अप्रेंटिसशिप संपली की पक्की नोकरी मिळते का?

कायद्याने कंपनीवर तसं बंधन नाही. प्रत्येक कंपनीने शिकाऊंना घेण्याबद्दल स्वतःचं धोरण ठरवायचं असतं. मुलाखतीत ते विचारा. शिकाऊ हा कायद्याने कामगार नसतो, त्यामुळे पीएफ लागू होत नाही, पण कामावर इजा झाली तर भरपाईची तरतूद आहे. एक वर्षाच्या शेवटी हातात काय उरतं? जीसीपी प्रमाणपत्र, दोन-तीन अभ्यासांचा प्रत्यक्ष अनुभव, आणि तुमच्याबद्दल खरं सांगणारा एक पीआय. 'फ्रेशर नको, अनुभव हवा' या जाहिरातीसमोर ते पुरतं.

मी आधीच दीड वर्ष दुसरीकडे नोकरी केली आहे. नॅट्स चालेल?

पदवीनंतर एक वर्ष किंवा जास्त कामाचा अनुभव असेल तर नाही. म्हणून निकालानंतर कॉल सेंटर किंवा ट्यूशनमध्ये 'तोपर्यंत' म्हणून रमण्याआधी पोर्टलवर नाव नोंदवून टाका.

पेशंटला 'मी शिकाऊ आहे' हे सांगायचं का? त्यांचा विश्वास उडणार नाही?

सांगायचंच. आमच्या साइटवर बॅजवर तसं मराठीत लिहिलेलं असतं. मागे एका नव्या मुलीचा बॅज आजोबांनी चष्मा लावून वाचला, पिशवीतली सगळी रिकामी पाकिटं टेबलावर ओळीने मांडली आणि म्हणाले, 'तू मोज बाळ, मी पण मोजतो.' तिच्या ५४ झाल्या, त्यांच्या ५५. दोघांनी पुन्हा मोजल्या. एक गोळी आजोबांच्या सदऱ्याच्या खिशात निघाली, सकाळी घ्यायची राहिलेली. ती कुठल्या रकान्यात लिहायची हे विचारायला ती मुलगी माझ्याकडे आली, आजोबाही तिच्या मागोमाग आले, बरोबर लिहिते का ते बघायला.